संदेश कोठें चुकतो?

दूर असलेल्या दोन माणसांनीं एकमेकांशीं बोलावयाचें म्हटलें म्हणजे आवाज पोंचविणें एवढीच काय ती अडचण, असा सर्वसाधारण समज असतो. पण आवाज पोंचला तरी बोलणें कळत नाहीं, असा अनुभव व्यवहारांत त्याहून पुष्कळ अधिक येतो. एक जण घाईघाईनें बोलतो आणि दुसरा सावकाश ऐकतो; दोघेही एकदमच बोलूं लागतात आणि ऐकणारा कोणी राहत नाहीं; किंवा बोलणें केव्हां सुरू झालें हेंच ऐकणाराच्या ध्यानांत येत नाहीं. विजेच्या तारेवरून चालणाऱ्या संभाषणाचा इतिहास पाहिला, तर तो तारा लांबविण्याचा इतिहास जितका आहे, तितकाच ह्या साध्या अडचणी सोडविण्याचाही आहे.

ह्या इतिहासाकडे वळण्यास आज एक घरगुती निमित्त आहे. शहरांतील अनेक घरांतून मुलामुलींच्या टेबलावर हाताच्या तळव्याएवढा एक निळा किंवा हिरवा बोर्ड दिसूं लागला आहे. त्यावर मायक्रोकंट्रोलर नांवाची एक चिप बसविलेली असते. म्हणजे बोटाच्या पेरांत मावेल असा एक लहानसा संगणकच. दिवा लावणें, पंखा फिरविणें, खोलीचें उष्णमान मोजणें अशीं कामें तो बिनतक्रार करतो. पहिले दोन-चार दिवस आनंदांत जातात. मग दोन अडचणी हटकून उभ्या राहतात. पहिली अशी कीं, बोर्डानें संगणकाकडे धाडलेले शब्द पडद्यावर शब्द म्हणून उमटतच नाहींत. त्यांच्या जागीं प्रश्नचिन्हें, चौकटी आणि भलतींसलतीं अक्षरें ह्यांची रांग लागते. दुसरी अशी कीं, बटन एकदां दाबलें असतां तें तीनदां किंवा चारदां दाबलें गेल्याचें यंत्र समजतें. यंत्र बिघडलें असें ठरवून मूल तें कपाटांत ठेवून देतें, आणि एक चांगला छंद तेथेंच खुंटतो.

वस्तुतः यंत्र बहुधा शाबूत असतें. ह्या दोन्ही अडचणी त्या बोर्डाहून फार जुन्या आहेत. त्यांच्यासारख्याच अडचणींपायीं एके काळीं मोठ्या कंपनीचें भांडवल बुडालें, जाणत्या माणसांची अब्रू गेली, आणि त्या नुकसानींतूनच दोष शोधण्याचें एक शहाणपण हळूहळू तयार झालें.

तारेवरून संदेश पाठविण्याच्या रीती दोन. संदेशाचे सर्व अंश एकाच वेळीं पाठवावयाचे, तर प्रत्येक अंशाला वेगळी तार हवी. एकाच तारेवर भागवावयाचें, तर अंशांनीं वारीतल्या वारकऱ्यांप्रमाणें एकामागून एक गेलें पाहिजे. ह्या दुसऱ्या रीतीस सीरियल, म्हणजे क्रमवार, संभाषण म्हणतात. इंग्लंडांत कुक व व्हीटस्टन ह्यांनीं १८३७ सालीं ज्या यंत्राचें पेटंट घेतलें, त्यांत पांच सुया होत्या व त्यांच्यासाठीं तितक्याच तारांचा प्रपंच होता. तारांचा खर्च आणि त्यांची नादुरुस्ती ह्यांमुळें सुयांची संख्या पुढें कमी करावी लागली. अमेरिकेंत सॅम्युएल मोर्स ह्यानें २४ मे १८४४ रोजीं वॉशिंग्टनहून बाल्टिमोरला संदेश धाडला, तो एकाच तारेवरून, लांब व आंखूड ठोक्यांच्या भाषेंत. जगानें हीच काटकसरीची वाट पत्करली.

एकच तार पुरते, ह्यांत एक गोष्ट गृहीत धरलेली आहे. विद्युत्प्रवाह गेला त्या वाटेनें त्याला परत यावें लागतें; मग परतीची तार कोठें आहे? म्यूनिकच्या स्टाइनहाइलनें १८३८ सालीं दाखवून दिलें कीं, परतीचें काम पृथ्वीच करूं शकते. दोन्ही टोकांस तारेचा एक शेंडा जमिनींत पुरला म्हणजे झालें. तेव्हांपासून तारायंत्राच्या दोन्ही टोकांना पृथ्वी ही सामाईक झाली. आजच्या विद्युत्शास्त्रांत 'ग्राउंड' हा शब्द रूढ आहे तो तेथूनच. टेबलावरचे दोन बोर्ड निरनिराळ्या बॅटऱ्यांवर चालत असले आणि त्यांच्यामध्यें नुसती संदेशाची तार जोडली, तर संभाषण होत नाहीं. कारण त्यांचें ग्राउंड एक केलेलें नसतें. तारायंत्राला जी पृथ्वी आपोआप मिळाली, ती येथें एका तारेनें मुद्दाम जोडून द्यावी लागते.

हिंदुस्थानांत विल्यम ओ'शॉनेसी ह्या डॉक्टरानें १८३९ सालींच कलकत्त्यास तारायंत्राचे प्रयोग केले होते. १८५१ सालीं कलकत्ता ते डायमंड हार्बर अशी तार सुरू झाली, १८५४ अखेर कलकत्ता, आग्रा, मुंबई व मद्रास हीं शहरें तारेनें जोडलीं गेलीं, आणि १८५५ च्या फेब्रुवारींत ही सोय जनतेस खुली झाली. तेव्हांपासून २०१३ च्या जुलैमध्यें सरकारी तारसेवा बंद होईपर्यंत 'तार आली' ह्या दोन शब्दांनीं महाराष्ट्रांतील घराघरांचें काळीज हललें आहे. त्या सेवेच्या पहिल्या काळांत तारमास्तराचा कान हाच यंत्राचा मुख्य भाग होता. पाठविणाराचा हात जलद असो वा मंद असो, ठोका किंचित् कापरा असो, अनुभवी कान तें सांवरून घेई. माणसाचें हें सांवरून घेणें यंत्रांत उतरवितां येत नाहीं, हें कळण्यास पुढें बराच काळ जावा लागला.

परंतु त्याआधीं एक मोठा अपघात घडला, आणि तो दोष शोधण्याच्या शास्त्राचा आरंभ ठरला. ५ ऑगस्ट १८५८ रोजीं आयर्लंडमधील व्हॅलेन्शिया आणि न्यूफाउंडलंडमधील ट्रिनिटी उपसागर ह्यांना जोडणारी केबल अटलांटिक महासागराच्या तळाशीं टाकून झाली. तांब्याच्या तारा, त्यांभोवतीं गटापर्चाचें वेष्टण, आणि लांबी सुमारें दोन हजार मैल. दोन्ही खंडांत उत्सव झाले. व्हिक्टोरिया राणीचा ९८ शब्दांचा संदेश अध्यक्ष ब्यूकॅनन ह्यांस पाठविण्यांत आला. तो पलीकडे पुरा पोंचण्यास सोळा तास लागले. ठोके इतके मंद आणि पसरट येत कीं, एक कोठें संपला व दुसरा कोठें सुरू झाला हें ठरवितां येईना.

ह्याचें कारण विल्यम टॉमसन ह्या ग्लासगोच्या प्राध्यापकानें गणितानें आधींच सांगून ठेवलें होतें. लांब केबल ही नुसती तार नसून विजेचा सांठा करणारें एक भांडेंच असतें. तें भरण्यास व रितें होण्यास वेळ लागतो, आणि हा वेळ लांबीच्या वर्गाच्या प्रमाणांत वाढतो. तेव्हां उपाय एकच: पाठविणारानें धीमें व्हावें आणि घेणारानें अधिक सूक्ष्म यंत्र वापरावें. टॉमसननें तसें यंत्र तयारही केलें होतें. त्यांत एका चिमुकल्या आरशावर पडलेला प्रकाशाचा ठिपका अतिशय क्षीण प्रवाहानेंही हलत असे. कंपनीचा विद्युत्प्रमुख वाइल्डमन व्हाइटहाउस ह्यास मात्र हें पटलें नाहीं. तो मूळचा शल्यवैद्य. प्रयोगांत कुशल, पण आपल्या मतास घट्ट चिकटणारा. ऐकूं येत नसेल तर मोठ्यानें ओरडावें, हा त्याचा न्याय. त्यानें प्रचंड वेटोळ्यांच्या साहाय्यानें सुमारें दोन हजार व्होल्टांचा दाब त्या केबलीवर लादला. केबलीचें वेष्टण तयार होतांना व सांठवणींत आधींच ठिकठिकाणीं दुर्बळ झालें होतें; हा मारा त्याला सोसला नाहीं. उत्सवाचे दिवे विझतात न विझतात तोंच केबल क्षीण झाली, आणि महिन्याभरांत ती उपयोगास येईनाशी झाली. व्हाइटहाउसला कामावरून दूर करण्यांत आलें. चौकशी समिती नेमली गेली, आणि तिचा अहवाल १८६१ सालीं प्रसिद्ध झाला. केबल कशी बनवावी, कशी तपासावी आणि विजेचीं मापें कशीं ठरवावीं, ह्यांविषयींची शिस्त त्या अहवालापासून बसूं लागली.

पुढें १८६६ सालीं 'ग्रेट ईस्टर्न' ह्या अवाढव्य जहाजानें टाकलेली केबल यशस्वी झाली, आणि आदल्या वर्षीं तुटलेली केबलही समुद्रांतून उचलून पुरी करण्यांत आली. तेव्हां लॅटिमर क्लार्क ह्या इंजिनियरानें एक गमतीचा, पण फार बोलका प्रयोग केला. दोन्ही केबली पलीकडच्या टोकाला एकमेकींस जोडून त्यानें अलीकडे चांदीच्या एका अंगुस्तानांत आम्लाचे थेंब घेतले आणि त्यांत जस्ताचा तुकडा बुडवून विजेरी बनविली. शिंप्याच्या बोटावर बसणाऱ्या त्या विजेरीचा ठोका महासागर दोनदां ओलांडून परत आला व वाचतां आला! दोन हजार व्होल्टांनीं जें साधलें नाहीं, तें एका अंगुस्तानानें साधलें. ह्याच 'ग्रेट ईस्टर्न' जहाजानें १८७० सालीं मुंबई व एडन ह्यांच्यामध्यें केबल टाकली, आणि मुंबई समुद्रमार्गें विलायतेशीं बोलूं लागली.

ह्या प्रकरणाचा धडा टेबलावरच्या बोर्डालाही तंतोतंत लागू आहे. आज कित्येक चिपा ५ व्होल्टांवर चालतात, तर कित्येकींना ३.३ व्होल्टच सोसतात. जुन्या संगणकाच्या सीरियल दाराचा दाब तर उणें १२ ते अधिक १२ व्होल्टांपर्यंत जाऊं शकतो. संदेश पोंचत नाहीं म्हणून एकाचें दार दुसऱ्यास थेट जोडून देणें हा व्हाइटहाउसचाच मार्ग होय. त्यानें चिप बहिरी राहत नाहीं, मरते. दोष सांपडेपर्यंत जोर वाढवूं नये, हा ह्या शास्त्राचा पहिला नियम.

दुसरा नियम मोजण्याचा. समुद्राखालीं दोन मैल खोल पडलेल्या तारेंत दोष कोठें आहे हें डोळ्यांनीं पाहतां येत नाहीं. मात्र तारेच्या दर मैलाचा विद्युत्-रोध ठाऊक असला, तर दोषापर्यंतचा रोध मोजून त्याचें अंतर काढतां येतें. व्हीटस्टननें १८४३ सालीं प्रचारांत आणलेली तुलनेची मांडणी, जी आज शाळेच्या प्रयोगशाळेंत 'व्हीटस्टन ब्रिज' म्हणून ओळखली जाते, ती ह्या कामीं उपयोगी पडली. एक चांगली तार व एक सदोष तार दूरच्या टोकाला जोडून वेटोळें करावयाचें, आणि अलीकडे बसून मोजमाप करावयाचें, ही रीत तारखात्यांत मुरली. किनाऱ्यावर बसलेला माणूस जहाजाला सांगे, अमुक मैलांवर जा आणि केबल उचल. आणि दोष तेथेंच सांपडे.

आतां ह्या कथेचा दुसरा धागा, म्हणजे वेळेचा. फ्रेंच तारखात्यांतील एमिल बोदो ह्यानें १८७४ सालीं नव्या यंत्राचें पेटंट घेतलें. मोर्सच्या लिपींत कोणतें अक्षर लांब तर कोणतें आंखूड. बोदोनें प्रत्येक अक्षराला सारखेच पांच अंश दिले. प्रत्येक अंश म्हणजे 'प्रवाह आहे' किंवा 'प्रवाह नाहीं'. असे पांच अंश घेतले तर बत्तीस निरनिराळ्या जोडण्या होतात. पाठविणारासमोर पियानोसारख्या पांच पट्ट्या असत. दोन डाव्या हाताला, तीन उजव्या हाताला. दोन्ही टोकांना फिरते ब्रश एकाच गतीनें फिरत राहत, आणि पाठविणाराला यंत्राच्या ठोक्याबरोबर, तबलजीनें सम साधावी तसें, नेमक्या क्षणीं पट्ट्या दाबाव्या लागत. दोन्ही टोकांची गति किंचित् जरी फरकली, तरी एका अक्षराचे अंश दुसऱ्यांत मिसळत आणि कागदावर निरर्थक अक्षरें उमटत. घरांतील मुलांना आज पडद्यावर दिसणारी भलतीच अक्षरें हीं ह्या अक्षरांचीं वंशज होत. संदेशाच्या वेगाच्या मापाला 'बॉड' हें नांव पडलें, तें बोदोच्याच स्मरणार्थ.

दूरच्या दोन यंत्रांचा ताल तासन्तास एक ठेवणें अवघड. ही अडचण सोडविणारी युक्ति अमेरिकेंत शिकागोच्या मॉरक्रम कंपनींत निघाली. चार्ल्स क्रम व त्याचा मुलगा हॉवर्ड क्रम हे तेथें टेलिप्रिंटरवर काम करीत होते. हॉवर्डनें १९१० सालीं ज्या रीतीसाठीं पेटंटचा अर्ज केला, तिचें मर्म साधें आहे: दोन्ही यंत्रांनीं अखंड एका तालांत चालण्याची गरजच नाहीं. प्रत्येक अक्षराआधीं 'आतां सुरू' असा एक ठोका पाठवावा आणि अक्षरानंतर 'थांबलों' अशी विश्रांति द्यावी. घेणारें यंत्र आरंभाचा ठोका येतांच घड्याळ सुरू करील, अंश टिपून घेईल आणि पुन्हां थांबेल. मग दोन घड्याळांत फरक असला तरी तो एका अक्षरापुरताच सांचतो. पुढल्या अक्षरास हिशेब पुन्हां शून्यापासून सुरू होतो. आज कोट्यवधि चिपांत हीच रीत जशीच्या तशी चालूं आहे.

फरक किती चालेल, ह्याचें गणित घरींही करतां येतें. आजच्या प्रचारांतील अक्षरांत आरंभाचा एक, अक्षराचे आठ आणि शेवटचा एक, असे दहा अंश, म्हणजे बिट, असतात. घेणारी चिप प्रत्येक बिटाच्या मध्यभागीं डोकावते. शेवटच्या बिटाचा मध्य आरंभापासून साडेनऊ बिटांच्या अंतरावर येतो. तेथपर्यंत चूक अर्ध्या बिटाच्या आंत राहिली पाहिजे. अर्धा भागिले साडेनऊ, म्हणजे सुमारें शेंकडा पांच. ही दोन्ही टोकांना मिळून असलेली सूट आहे. म्हणून प्रत्येकानें शेंकडा दोनांच्या आंत राहावें हें बरें. एक बोर्ड ९६०० बॉडनें बोलत असतां दुसऱ्यास ४८०० सांगितलें, तर चूक शेंकडा पांचाची नसून दुपटीची होते, आणि पडद्यावर पिशाचलिपि उमटते.

टेलिप्रिंटरच्या काळांतील कारागिरांनीं ह्या दोषांवर फार सुबक उपाय काढले होते. मोटारीची गति तपासण्यासाठीं तिच्या चाकावर काळे-पांढरे पट्टे रंगवीत आणि चिरा ठेवलेला एक ध्वनिकांटा वाजवून त्याच्या चिरेंतून ते पाहत. गति बरोबर असली म्हणजे फिरतें चाक जागच्या जागीं उभें दिसे. पट्टे पुढें सरकले तर गति जास्त, मागें सरकले तर कमी. तार तपासण्यासाठीं 'आर' व 'वाय' हीं दोन अक्षरें पुन्हां पुन्हां पाठवीत. पांच अंशांच्या लिपींत ह्या दोन अक्षरांचे अंश एकमेकांच्या नेमके उलट आणि आलटून पालटून येणारे असल्यामुळें यंत्राचा प्रत्येक भाग त्यांत कसास लागे. तसेंच, बोलणें थांबलें असतां तारेंत प्रवाह चालूंच ठेवीत. तार तुटली कीं प्रवाह थांबे आणि टेलिप्रिंटर आपोआप खडखडूं लागे. म्हणजे तुटलेली तार गप्प न राहतां स्वतःच आरडाओरडा करी. आजही सीरियल तार मोकळी असतांना ती वरच्या दाबावर धरलेली असते, ह्याचें मूळ ह्या जुन्या प्रथेंत आहे. भारतांत ह्या यंत्रांच्या निर्मितीसाठीं १९६० सालीं मद्रासेस हिंदुस्थान टेलिप्रिंटर्स ही सरकारी कंपनी स्थापन झाली.

संगणक आले तेव्हां टेलिप्रिंटर तयार होताच; त्यालाच संगणकाचें तोंड व कान बनविण्यांत आलें. अमेरिकेंतील डिजिटल इक्विपमेंट कंपनींत गॉर्डन बेल ह्यानें १९६० च्या सुमारास, रांगेनें येणारे बिट एकत्र करून त्यांचें अक्षर बनविणारें आणि उलट अक्षराचे बिट सुटे करणारें मंडल रचलें. १९७१ च्या सुमारास तें एका चिपेंत मावूं लागलें. त्यास यूआर्ट म्हणतात. १९६० सालींच अमेरिकन उत्पादकांच्या संघानें आरएस-२३२ ह्या नांवानें दाब व तारा ह्यांविषयींचा ठराव प्रसिद्ध केला. त्यानें बोलणाराची व ऐकणाराची तार निश्चित केली, पण एक नवा घोटाळाही जन्मास घातला. संगणकाची 'पाठविण्याची' तार मोडेमच्या 'घेण्याच्या' बाजूला जावी अशी ती योजना होती. दोन संगणकच समोरासमोर आले म्हणजे मात्र दोघांचीं तोंडें एकमेकांच्या तोंडाला आणि कान कानाला जोडले जात! तारा उलटसुलट केल्यावांचून त्यांचें बोलणें होत नसे. मुलांच्या बोर्डांवर हा घोटाळा आजही पहिल्या क्रमांकाचा आहे. एकाची पाठविण्याची पट्टी दुसऱ्याच्या घेण्याच्या पट्टीला जोडावी, एवढें लक्षांत ठेवलें कीं अर्धे दोष नाहींसे होतात.

ह्यानंतरची कथा घड्याळाची आहे. इंटेलची ८०५१ ही चिप १९८० सालीं निघाली आणि महाराष्ट्रांतील इंजिनियरिंग कॉलेजांतून अनेक पिढ्यांनीं तिच्यावर हात बसविला. त्या बोर्डांवर ११.०५९२ मेगाहर्ट्झ अशा विचित्र आंकड्याचा स्फटिक असे. सरळ १२ कां नाहीं, असा प्रश्न विद्यार्थ्यांना पडे. उत्तर भागाकारांत आहे: ह्या आंकड्याला ९६ नीं भागलें असतां बरोबर १,१५,२०० येतात, शिल्लक कांहीं राहत नाहीं, आणि ९६०० वगैरे वेग त्याचेच पूर्ण भाग होत. पुढें इटलींतील इव्रेआ येथील संस्थेंत २००५ सालीं आर्डुइनो हा स्वस्त व सोपा बोर्ड निघाला, तो नवशिक्यांसाठीं. त्याच्या २०१० सालच्या 'ऊनो' ह्या प्रसिद्ध आवृत्तींत १६ मेगाहर्ट्झचें घड्याळ आहे. ह्या आंकड्यानें ९६०० जवळजवळ अचूक साधतात. पण १,१५,२०० साधत नाहींत. जवळचा वेग घ्यावा तर तो शेंकडा दोनांहून किंचित् अधिक जलद पडतो. तरीही हा बोर्ड संगणकाशीं त्या वेगानें सुरळीत बोलतो. कारण यूएसबीच्या बाजूला बसविलेली चिपही तितक्याच मेगाहर्ट्झच्या घड्याळावर चालते आणि तीच चूक करते. दोघेही सारखेच चुकत असले म्हणजे संभाषण बिनबोभाट चालतें! त्याच बोर्डाला दुसऱ्या घराण्याचें उपकरण जोडलें, कीं मग कुरबूर सुरू होते.

राहिली बटनाची तक्रार. खटका म्हणजे धातूचे दोन तुकडे. ते चिकटले कीं प्रवाह सुरू, सुटले कीं बंद. ह्याहून साधें यंत्र नाहीं असें वाटतें. पण फरशीवर टाकलेला चेंडू जसा एकदम थांबत नाहीं, चार उड्या मारून मग स्थिरावतो, तसेच हे तुकडेही आदळतात, उडतात, पुन्हां आदळतात. हा खेळ कांहीं सहस्रांश सेकंदांतच आटोपतो. तारायंत्राच्या जड लोखंडी पट्टीस त्याची दाद नव्हती. तारमास्तराच्या कानासही नव्हती. परंतु सेकंदास १ कोटी ६० लाख ठोके मारणाऱ्या घड्याळाला एका सहस्रांश सेकंदांत सोळा हजार ठोके मिळतात. त्याला प्रत्येक उडी वेगळी दिसते, आणि तें प्रामाणिकपणें प्रत्येक उडी मोजतें. दोष यंत्राच्या मंदपणाचा नाहीं. तें जरुरीपेक्षां अधिक दक्ष आहे एवढेंच.

खटक्यांच्या इतिहासांतील सर्वांत प्रसिद्ध दोष ९ सप्टेंबर १९४७ चा. हार्वर्ड विद्यापीठांत बांधलेल्या 'मार्क टू' ह्या गणकयंत्रांत हजारों रिले, म्हणजे विजेनें हलणारे खटके, होते. यंत्र चुकूं लागलें. शोध घेतां घेतां सत्तराव्या रिलेच्या फटींत एक पतंग अडकलेला सांपडला. कारागिरांनीं तो नोंदवहींत चिकटपट्टीनें डकवून ठेवला, आणि ती वही आज वॉशिंग्टनच्या राष्ट्रीय संग्रहालयांत आहे. यंत्रांतील दोषाला 'बग', म्हणजे किडा, म्हणण्याची चाल त्याहूनही जुनी आहे. एडिसननें १८७८ सालींच एका पत्रांत हा शब्द त्या अर्थानें वापरला होता. हार्वर्डची गोष्ट लक्षांत राहते ती निराळ्याच कारणासाठीं. हजारों खटक्यांतून नेमका सत्तरावा सांपडला, तो यंत्राचा एकेक भाग वेगळा तपासला म्हणून.

बटनाच्या उड्यांवर उपाय तीन प्रकारचे. पहिला उपाय धीराचा: पहिला स्पर्श जाणवतांच वीस ते पन्नास सहस्रांश सेकंद थांबावें, आणि मग पुन्हां पाहावें. हा कार्यक्रमांतील दोन ओळींनीं साधतो. दुसरा उपाय लहानसा कपॅसिटर व रोधक जोडून उड्या गुळगुळीत करण्याचा. त्याच्या जोडीला ऑटो श्मिट ह्या अमेरिकन शास्त्रज्ञाचें मंडल वापरतात. म्हाकुलाच्या मज्जातंतूंचा अभ्यास करीत असतां त्याला १९३४ सालीं तें सुचलें. तें 'चालूं' व 'बंद' ह्यांच्या दोन निरनिराळ्या मर्यादा धरतें आणि मधल्या धरसोडीकडे लक्ष देत नाहीं. तिसरा उपाय दोन बाजूंना लागणारा खटका आणि शेवटचा स्पर्श लक्षांत ठेवणारें मंडल ह्यांचा. अशा मंडलाचें मूळ इंग्लंडांत एकल्स व जॉर्डन ह्यांनीं १९१८ सालीं केलेल्या रचनेंत आहे.

कित्येकदां मात्र दोष उड्यांचा नसतोच. बटन सुटल्यावर चिपेच्या पट्टीला वरचा किंवा खालचा कोणताच दाब मिळत नसेल, तर ती वाऱ्यावरच्या पतंगासारखी तरंगत राहते. हात जवळ नेला तरी तिचें मत बदलतें. दहा हजार ओहमांच्या एका रोधकानें, किंवा चिपेच्या आंतीलच रोधकानें, तिला एका बाजूस बांधून ठेवलें पाहिजे. चार पायांच्या लहान बटनांत दोन-दोन पाय आंतून जोडलेले असतात; बटन काटकोनांत फिरून बसलें तर तें कायमचें दाबलेलेंच राहतें, आणि मूल कार्यक्रमांतील चूक शोधण्यांत संध्याकाळ घालवितें.

अशा वेळीं जुन्या तारखात्याचीच पद्धत घरांत चालवावी. आधीं आपलें टोक तपासावें: पाठविण्याची तार घेण्याच्या तारेला वेटोळें करून जोडावी; आपलेंच अक्षर परत आलें, तर हें टोक निर्दोष. मग ग्राउंड एक आहे कीं नाहीं, तारा उलटसुलट केल्या आहेत कीं नाहीं, दोन्हींकडील वेग सारखा लिहिला आहे कीं नाहीं, आणि दाब जुळतो कीं नाहीं, हें क्रमानें पाहावें. 'आर-वाय' ऐवजीं आज इंग्रजी मोठें 'यू' पाठवावें. त्याचे बिट एकाआड एक येतात आणि तारेचा दोष लगेच उघडा पडतो. बटनासाठीं प्रथम चिप बाजूला ठेवून नुसता दिवा व बॅटरी जोडून पाहावें. एका वेळीं एकच गोष्ट बदलावी, आणि बदललेली गोष्ट वहींत लिहावी. त्यासाठीं महागडीं उपकरणें लागत नाहींत. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर किंवा पुण्याच्या तपकीर गल्लींत मिळणारा साधा मीटर पुष्कळ होतो.

व्हाइटहाउस आणि टॉमसन दोघेही बुद्धिमान होते आणि दोघांनाही अटलांटिक जिंकावयाचा होता. फरक एवढाच होता कीं, एकानें न ऐकणाऱ्या तारेवर जोर केला आणि दुसऱ्यानें ती कां ऐकत नाहीं हें मोजून पाहिलें. ज्या घरांत मुलाला हा फरक समजेल, तेथें तो बोर्ड कपाटांत जाणार नाहीं. पडद्यावर उमटलेली निरर्थक अक्षरांची रांग त्याला अपयशाची खूण वाटणार नाहीं. तार शाबूत आहे, पलीकडचें यंत्र बोलत आहे, आणि दोघांचा फक्त ताल जुळावयाचा राहिला आहे, एवढा अर्थ त्याला त्या पिशाचलिपींतूनही वाचतां येईल.